आशा, निराशा आणि आकडे : टोरोंटोच्या हॉकीसंघाचे उदाहरण

क्रीडाप्रेमी मनुष्य आपल्या आवडत्या संघाविषयी दोन प्रश्न विचारीत असतो. आज आपला संघ जिंकला काय, हा पहिला. आणि आपला संघ चांगला आहे काय, हा दुसरा. बहुधा पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसऱ्याचेही मिळाले, असे तो धरून चालतो. संख्याशास्त्राचा खेळाच्या प्रांतात प्रवेश झाला तो नेमक्या याच समजुतीला हरकत घेऊन. विजयात गुणाचा वाटा असतो तसा योगायोगाचाही असतो. हे दोन वाटे निराळे करता आले तर संघाच्या पुढील वाटचालीविषयी काही तर्क करता येतो, असे हे शास्त्र सांगते. वर्गात बसून ऐकताना हे विधान कोणासही पटण्यासारखे आहे. परंतु ज्याने वर्षानुवर्षे एका संघासाठी जीव टांगून ठेवला आहे, त्याला हाती आलेल्या विजयाकडे संशयाने पाहावयास सांगणे ही अगदी वेगळी गोष्ट होय. कॅनडातील टोरोंटो मेपल लीफ्स या हॉकीसंघाने २०१४ साली संख्याशास्त्रीय विश्लेषणाचा उघडपणे अंगीकार केला, तेव्हा त्याच्या चाहत्यांत आशावादी आणि निराशावादी असे दोन पक्ष पडले. या दोन्ही पक्षांचे म्हणणे कोणत्या तर्कावर उभे होते आणि तो तर्क कोठवर टिकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम खेळाविषयी थोडेसे. आपल्याकडे हॉकी म्हटले की हिरव्या मैदानावरील खेळ डोळ्यांपुढे येतो. येथे अभिप्रेत आहे ती बर्फावर खेळली जाणारी हॉकी. पायांत धारदार पट्ट्यांचे जोडे घालून प्रत्येक बाजूचे पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक रबराच्या एका चपट्या चकतीमागे धावतात. या चकतीस 'पक' म्हणतात. अमेरिका व कॅनडा येथील प्रमुख व्यावसायिक संघांची संघटना म्हणजे नॅशनल हॉकी लीग. तिच्या हंगामात २०२५-२६ पर्यंत प्रत्येक संघ सामान्यतः ८२ साखळी सामने खेळत असे, आणि त्यांतून निवडलेले सोळा संघ बाद फेऱ्यांत उतरतात. बाद फेरीत एकाच सामन्यावर निकाल लागत नाही. सातांपैकी चार सामने जो आधी जिंकेल तो पुढे जातो. अशा चार मालिका ओळीने जिंकणाऱ्या संघास स्टॅन्ली चषक मिळतो. टोरोंटोच्या संघाने हा चषक शेवटचा जिंकला तो १९६७ साली. लीगमध्ये त्या वेळी अवघे सहा संघ होते. त्यानंतर २०२५ च्या हंगामापर्यंत तो पुन्हा त्या शहरात आलेला नाही. या प्रदीर्घ प्रतीक्षेची आठवण ठेवल्याशिवाय पुढील वादाचा आवेश समजणार नाही.

फटक्यांची मोजणी

हॉकीत गोल फार थोडे होतात. दोन्ही संघांचे मिळून एका सामन्यात साधारणपणे पाच-सहा. इतक्या अल्प संख्येवरून कोणता संघ वरचढ आहे हे ठरविणे म्हणजे पाच-सहा वेळा नाणे उडवून ते खरे की खोटे हे ठरविण्यासारखे आहे. म्हणून अभ्यासकांनी गोलांऐवजी गोलाच्या दिशेने मारलेले सर्व फटके मोजावयास आरंभ केला. त्यांत गोलरक्षकाने अडविलेले, बाजूने गेलेले आणि वाटेतच प्रतिपक्षाच्या खेळाडूने रोखलेले, असे सारेच फटके येतात. या मोजणीस 'कॉर्सी' असे नाव पडले आहे. जिम कॉर्सी हे बफेलो संघाचे गोलरक्षकांचे प्रशिक्षक होते. गोलरक्षकावर पडणारा ताण मोजताना केवळ अडविलेले फटके न धरता सर्वच धरावेत, या त्यांच्या विचारावरून हे नाव आले. एका सामन्यातील अशा फटक्यांची संख्या गोलांच्या पंधरा ते वीसपट असते. नमुना मोठा झाला की योगायोगाचा प्रभाव कमी होतो, हे संख्याशास्त्राचे मूलतत्त्वच आहे. दोन्ही संघ बरोबरीच्या संख्येने बर्फावर असताना झालेल्या एकूण फटक्यांपैकी आपल्या संघाचे किती टक्के, हा आकडा पन्नासाहून जितका अधिक तितका पक त्या संघाच्या ताब्यात अधिक काळ राहिला, असे ढोबळ मानाने समजावयास हरकत नाही.

याच्या जोडीला दुसरा एक आकडा आहे. संघाच्या गोलावर मारलेल्या फटक्यांपैकी शेकडा किती गोलांत परिणत झाले, आणि प्रतिपक्षाच्या तशा फटक्यांपैकी शेकडा किती आपल्या गोलरक्षकाने अडविले, या दोहोंची बेरीज. सर्व संघांची सरासरी घेतली तर ही बेरीज १०० भरते. कारण एकाचा गोल हीच दुसऱ्याच्या गोलरक्षकाची चूक असते. एखाद्या संघाची बेरीज काही काळ १०० च्या पुष्कळ वर राहिली तर त्यात कौशल्याचा अंश असू शकेल. परंतु बराचसा अंश दैवाचा असतो आणि कालांतराने तो ओसरतो. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ साली आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीचा अभ्यास करून मध्याकडे परतण्याची जी प्रवृत्ती दाखवून दिली, तिचेच हे बर्फावरील रूप होय. अतिशय उंच मातापित्यांची मुले उंच असतात, परंतु सरासरीने तितकी उंच नसतात. तद्वत् अतिशय भाग्यवान संघ पुढील वर्षी सरासरीने तितका भाग्यवान राहत नाही.

एक भविष्य खरे ठरते

२०१२-१३ चा हंगाम मालक आणि खेळाडू यांच्या तंट्यामुळे ४८ सामन्यांपुरता आखडला होता. त्या हंगामात टोरोंटोचा संघ २००४ नंतर प्रथमच बाद फेरीत पोहोचला. बॉस्टनविरुद्धच्या मालिकेतील सातव्या सामन्यात, १३ मे २०१३ रोजी, तिसऱ्या सत्रात टोरोंटोकडे ४-१ अशी आघाडी होती. अकरा मिनिटांहूनही कमी खेळ उरला असताना बॉस्टनने दुसरा गोल केला, अखेरच्या दीड मिनिटात आणखी दोन करून बरोबरी साधली आणि जादा वेळेत सामना जिंकला. चाहत्यांच्या मनावर हा घाव खोल बसला. तथापि संघ सुधारतो आहे, अशी बहुतेकांची भावना होती, आणि ती अस्वाभाविक नव्हती.

आकडे मात्र वेगळे सांगत होते. त्या हंगामात बरोबरीच्या खेळातील फटक्यांमध्ये टोरोंटोचा वाटा ४४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे लीगच्या तळाशी होता; वर सांगितलेली बेरीज मात्र १०० च्या बरीच वर होती. याचा अर्थ असा, की संघ प्रतिपक्षाचे फटके झेलीत होता आणि आपल्या थोड्या फटक्यांवर अपवादात्मक प्रमाणात गोल करीत होता. हे टिकणार नाही, असे अभ्यासकांनी सांगितले. व्यवस्थापनाने या इशाऱ्याकडे लक्ष दिले नाही. त्याच उन्हाळ्यात पक ताब्यात ठेवण्यात ज्याचे आकडे चांगले होते त्या मिखाईल ग्राबोव्स्की या खेळाडूस भरपाई देऊन करारमुक्त केले, आणि अंगावर जाऊन खेळणाऱ्या डेव्हिड क्लार्कसनशी सात वर्षांचा, ३ कोटी ६७ लाख ५० हजार डॉलरांचा करार केला. पहिल्या हंगामात क्लार्कसनने केलेल्या गोलांची संख्या पाच.

२०१३-१४ मध्ये ६८ सामन्यांअखेर टोरोंटोचे ८० गुण होते आणि बाद फेरी दृष्टिपथात होती. उरलेल्या चौदा सामन्यांपैकी संघ बारा हरला, दोनच जिंकला आणि ८४ गुणांवर थांबला. भविष्य खरे ठरले, असे अभ्यासकांचे म्हणणे. मार्चमध्ये गोलरक्षक जोनाथन बर्निए जखमी झाला म्हणून हे घडले, असे प्रतिपक्षाचे. खरे पाहता ही दोन कारणे परस्परविरोधी नाहीत. जो संघ नेहमी प्रतिपक्षाचे फटके झेलतो तो गोलरक्षकाच्या खांद्यावर उभा असतो. खांदा दुखावला की तो खाली येतो. फटक्यांची मोजणी गोलरक्षक कधी जखमी होईल हे सांगत नाही, परंतु तो जखमी झाल्यास किती नुकसान होईल याची कल्पना देते.

दोन पक्ष

जुलै २०१४ मध्ये संघाने काइल डुबस या अवघ्या अठ्ठावीस वर्षांच्या तरुणास सहायक महाव्यवस्थापक नेमले. ऑन्टॅरिओ प्रांतातील कुमारांच्या लीगमध्ये आकड्यांच्या आधारे संघ चालविणारा म्हणून त्याचा लौकिक झाला होता. पुढील महिन्यात विश्लेषणासाठी आणखी तिघांची नेमणूक झाली. अन्य संघांनीही त्याच सुमारास अशा नेमणुका केल्यामुळे तो उन्हाळा 'विश्लेषणाचा उन्हाळा' म्हणूनच ओळखला जातो.

आशावादी चाहत्यांची भूमिका सरळ होती. कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या बेसबॉलसंघाने अल्प खर्चात आकड्यांच्या साह्याने काय साधले, याची हकीकत मायकेल लुईस यांच्या २००३ च्या 'मनीबॉल' या पुस्तकामुळे घरोघर पोहोचली होती. हॉकीत २०१२ आणि २०१४ साली चषक जिंकणारा लॉस एंजलिसचा संघ फटक्यांच्या मोजणीत अग्रेसर होता. उलट २०१३-१४ मध्ये ११२ गुण मिळवून गटात पहिला आलेला, परंतु या मोजणीत मागे असलेला कोलोरॅडोचा संघ पुढील वर्षी ९० गुणांवर घसरला आणि बाद फेरीसही मुकला. जे शास्त्र घसरण आधी सांगते ते चढणही घडवून आणील, असे या पक्षाने मानले.

निराशावाद्यांचे दोन प्रकार होते. पहिल्याचे म्हणणे, हॉकी हा वेगाचा आणि धडकेचा खेळ. त्यातील धैर्य, सहनशक्ती आणि सहकाऱ्यांवरील विश्वास आकड्यांत मावत नाहीत. दुसऱ्याचे म्हणणे अधिक कडवट होते. त्याला आकड्यांचे वावडे नव्हते. हा संघ कोणतेही साधन हाती घेतो आणि ते वाया घालवितो, असा त्याचा अनुभव होता. पहिला निराशावाद साधनाविषयी होता, दुसरा संघाविषयी. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे त्या काळच्या पुष्कळशा चर्चा निष्फळ झाल्या.

पुढील दहा वर्षे

जानेवारी २०१५ मध्ये प्रशिक्षकास दूर केले गेले. नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली आरंभीच्या काही सामन्यांत फटक्यांचा वाटा सुधारलेला दिसला; निकाल मात्र आणखी बिघडले, आणि संघ त्या ४२ सामन्यांपैकी नऊच जिंकला. पुढील हंगामात व्यवस्थापनाने संघ मुळापासून बांधावयास घेतला. सर्वांत अधिक गोल करणारा फिल केसेल २०१५ च्या जुलैत पिट्सबर्गला दिला गेला. त्या संघाबरोबर त्याने २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे चषक जिंकला, हे निराशावादी अद्याप विसरलेले नाहीत. २०१५-१६ मध्ये टोरोंटो तीस संघांत शेवटचा आला. नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिला मान सोडतीने ठरतो. शेवटच्या संघास त्या वर्षी तो मिळण्याची संभाव्यता पाचांत एक होती. ती सोडत टोरोंटोने जिंकली आणि ऑस्टन मॅथ्यूज हा खेळाडू संघात आला. आकड्यांच्या युगातील या संघाचा सर्वांत मोठा लाभ चिठ्ठीने झाला, हे येथे नमूद करणे अगत्याचे आहे.

२०१८ साली डुबस महाव्यवस्थापक झाला. संघ साखळीत वर्षानुवर्षे उत्तम खेळू लागला. २०२१-२२ मध्ये त्याने ५४ विजय व ११५ गुण असा आपल्या इतिहासातील उच्चांक गाठला आणि मॅथ्यूजने ६० गोल केले. परंतु २०१७ पासून २०२२ पर्यंत सलग सहा वर्षे संघ पहिलीच मालिका हरला. त्यांपैकी पाच वेळा निकाल निर्णायक सामन्यात लागला. २०२३ मध्ये टँपा बेला हरवून ही साखळी तुटली. पुढील फेरीत फ्लॉरिडाने टोरोंटोस पाच सामन्यांतच नमविले, आणि त्याच महिन्यात डुबसला पदावरून दूर करण्यात आले. २०२४ व २०२५ मध्येही संघ सातव्या सामन्यात हरून बाहेर पडला.

हिशेब काय सांगतो

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सहा पराभवांनी विश्लेषण खोटे ठरले काय?

समजा, एक संघ इतका चांगला आहे की कोणताही एक सामना जिंकण्याची त्याची संभाव्यता ५५ टक्के आहे. हॉकीत हा मोठाच वरचढपणा समजला पाहिजे. अशा संघाची सात सामन्यांची मालिका जिंकण्याची संभाव्यता काढली तर ती सुमारे ६१ टक्के येते. म्हणजे पाच मालिकांपैकी जवळजवळ दोन तो हरणारच. ओळीने चार मालिका जिंकून चषक मिळविण्याची त्याची संभाव्यता १४ टक्क्यांहूनही किंचित कमी, म्हणजे सात वर्षांत साधारण एकदा. निःसंशय चांगल्या संघाचीही ही स्थिती आहे. आशावाद्याने हे गणित केले असते, तर विश्लेषणाकडून चषकाचे वचन त्याने कधीच मागितले नसते.

परंतु हेच गणित निराशावाद्याच्याही बाजूने मांडता येते, आणि प्रामाणिकपणे ते मांडले पाहिजे. वरील ५५ टक्क्यांचा संघ लागोपाठ सहा मालिका हरावा, हे अडीचशेहून थोड्या अधिक प्रयत्नांत एकदा घडेल. २०२० ची मालिका पाचच सामन्यांची होती हे धरूनही. इतकी दुर्मीळ घटना घडली, तर आपले गृहीतक तपासावयास हवे, असे कोणताही संख्याशास्त्रज्ञ सांगेल. ते तपासले असता दिसते की ५५ टक्के हा अंदाजच उदार होता. २०१७ मध्ये समोर साखळीत अग्रस्थानी आलेला वॉशिंग्टनचा संघ होता. २०२२ मध्ये लागोपाठ दोन वर्षे चषक जिंकलेला टँपा बे होता. मालिका समसमान धरल्या तर सहा पराभवांची संभाव्यता चौसष्टांत एक येते. लीगमध्ये तीसहून अधिक संघ आहेत आणि वर्षे अनेक आहेत. असा प्रसंग कोणावर तरी येणारच. शिवाय हे उदाहरण आपण चर्चेसाठी निवडले तेच मुळी हा संघ सहा वेळा हरला म्हणून. अशा निवडलेल्या उदाहरणावरून सिद्धान्त काढणे धोक्याचे असते.

तथापि सर्व दोष दैवाच्या माथी मारूनही चालणार नाही. २००५ पासून लीगमध्ये संघाच्या एकूण वेतनावर कमाल मर्यादा आहे. टोरोंटोने या मर्यादेचा जवळजवळ अर्धा भाग चार आघाडीच्या खेळाडूंवर खर्च केला, आणि महामारीमुळे २०२० नंतर ती मर्यादा वाढण्याचे थांबले. बचावफळीसाठी आणि गोलरक्षकासाठी त्यामुळे थोडे उरले. हा विश्लेषणाचा नियम नव्हता; विश्लेषण मानणाऱ्या एका व्यवस्थापनाने लावलेली ती पैज होती. पद्धत आणि पैज यांतील हा फरक दोन्ही पक्षांनी पाळला नाही. पैज फसली तेव्हा निराशावाद्यांनी पद्धत फसली असे म्हटले. पद्धत योग्य म्हणून पैजही योग्य, असे आशावाद्यांनी धरले.

उपसंहार

या साऱ्यातून एक गोष्ट हाती लागते. आपण आकड्यांच्या विरुद्ध अनुभवाच्या बाजूने उभे आहोत, असे निराशावादी मानतो. परंतु "सहा वेळा हरलो, सातव्यांदाही हरणार" हे त्याचे विधान संख्याशास्त्रीयच आहे. फरक इतकाच की त्याचा नमुना सहा घटनांचा आहे, आणि त्यांतील प्रत्येक घटनेला दुःखाने अधिक वजन दिलेले आहे. १३ मे २०१३ ची रात्र त्याच्या हिशेबात शंभर साखळी विजयांहून भारी भरते. आशावाद्याचा नमुना मोठा आहे, परंतु संभाव्यतेस तो आश्वासन समजतो. एकजण थोड्या आकड्यांकडून फार शिकतो, दुसरा पुष्कळ आकड्यांकडून भलतेच मागतो. मोजणी दोघेही करीत आहेत, आणि दोघांचीही चूक मोजणीचीच आहे.

मग विश्लेषणाने चाहत्यास दिले तरी काय? चषक दिला नाही, आणि तो देणे त्याच्या हातीही नव्हते. निर्णय आणि निकाल यांना वेगवेगळे तोलण्याची सवय मात्र त्याने दिली. २०१३ च्या उन्हाळ्यातील करार चुकीचे होते, हे पुढील पराभवाची वाट न पाहता सांगता आले. २०२२ चा संघ चांगला होता, हे सातव्या सामन्यात १-२ असा हरल्यानंतरही सांगता येते. या सवयीची किंमतही आहे. दैवाने मिळालेल्या विजयाचा निर्भेळ आनंद तिच्यामुळे थोडा उणावतो, हे मान्य केले पाहिजे. पण ज्या चाहत्याच्या आयुष्यात १९६७ नंतर पराभवच अधिक आले, त्याला ही देवघेव अगदीच तोट्याची वाटू नये. कारण ज्या विचाराने विजयातील योगायोग दिसतो, त्याच विचाराने पराभवातीलही दिसतो. आपला संघ हरला म्हणजे तो शापित आहे असे नाही, हे त्याला गणिताच्या आधाराने म्हणता येते. एवढे म्हणूनही पुढल्या एप्रिलमध्ये तो पुन्हा जीव मुठीत धरून सामना पाहावयास बसेल, आणि त्यात गणिताशी विसंगत असे काहीच नाही. सात वर्षांत एकदा येणारी गोष्ट कोणत्या वर्षी येईल, हे सामना झाल्याशिवाय कोणासच सांगता येत नाही.